गच्ची व जिन्याचा लोखंडी कठडा : मजबुती पायथ्याशी पाहावी



पूर्वी धान्य खळ्यात तयार होऊन वाळूनच घरी येत असे. आता मळणी यंत्रातून सोयाबीन, तूर, हरभरा निघाला की पोती सरळ घरी येतात आणि वाळवण गच्चीवर होते. मिरची, हळद, कुरडया, पापड, सरगुंडेही तेथेच वाळतात. उन्हाळ्यात वऱ्हाडातील निम्मे घर रात्री गच्चीवरच झोपते. थोडक्यात, गच्ची ही शेतकऱ्याच्या घरची खळवाडीच झाली आहे. खळवाडीत पाय घसरला तर माणूस मातीत पडतो. गच्चीवरून पडला तर मात्र दहा-बारा फूट खाली जातो.

कृषिविद्येच्या शिक्षकाने लोखंडी कठड्यावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे कारण घरचे आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी, आमचे वडिलोपार्जित घर आहे. त्याच्या गच्चीला लोखंडी कठडा मी स्वतः उभा राहून बसवून घेतला. नक्षी निवडली, रंग निवडला, भावात घासाघीसही केली. दोन वर्षांनी फेब्रुवारी महिन्यात माझे मोठे बाबा गच्चीवर तूर पसरवीत होते. खालच्या गल्लीत थांबलेल्या मालवाहू ऑटोवाल्याला हाक मारण्यासाठी ते कठड्यावर रेलून वाकले. कोपऱ्याजवळचे दोन खांब मुळासकट उपटून निघाले आणि कठड्यासह मोठे बाबा खाली गेले. खुब्याचे हाड मोडले. त्या वर्षीची पेरणी त्यांनी बाजेवर पडून दुसऱ्यांच्या तोंडून ऐकली.

नंतर मी ते खांब पाहिले. पाइप वाकला नव्हता, वेल्डिंग सुटले नव्हते, रंगही उडाला नव्हता. बोल्ट जेमतेम दीड इंच खोल होते आणि तेही स्लॅबमध्ये नव्हे, वरच्या कोब्यात. दवाखान्यात मोठे बाबा एवढेच म्हणाले, "कठडा नसता तं मी कडेपासून दूर उभा रायलो असतो. कठडा हाय म्हनूनच त्याच्यावर रेललो." त्यांचे म्हणणे खरे आहे. कच्चा कठडा हा कठडा नसण्यापेक्षा अधिक धोक्याचा असतो, कारण माणूस त्याच्यावर भरवसा ठेवतो. तेव्हा कठडा बसविताना काय पाहावे याची माहिती या लेखात देत आहे.

जोर वर, ओढ खाली

शेतातला दगड पहारीने उलथविताना आपण पहारीचे लांब टोक धरतो. हातातला थोडा जोर दुसऱ्या टोकाला अनेक पट होतो. कठड्याचा खांब हीसुद्धा एक पहारच आहे. माणूस वरच्या दांडीवर रेलतो आणि खाली तळपट्टीचे बोल्ट उपटले जातात.

आय.एस. ८७५ (भाग २) या १९८७ च्या भारतीय मानकात राहत्या घरातील जिना व बाल्कनी यांच्या कठड्यासाठी दर मीटर लांबीस सुमारे ३५ किलो आणि छतावरील कठड्यासाठी सुमारे ७५ किलो आडवा जोर धरलेला आहे. समजा, गच्चीवरील खांब १.२ मीटर अंतरावर आहेत. मग एका खांबाच्या वाट्याला ९० किलो जोर येतो. कठड्याची उंची १०० सें.मी. आणि तळपट्टीवरील बोल्टची पकड १० सें.मी. असेल, तर पहार दहा पटीची झाली. म्हणजे आतल्या बाजूच्या दोन बोल्टवर मिळून ९०० किलो ओढ येते, एका बोल्टवर ४५० किलो. एवढी ओढ कोबा, फरशी किंवा विटेचा सांधा सहन करू शकत नाही. घट्ट काँक्रीटच ती सहन करते.

जुन्या शहरातील वाचकांना हे लगेच पटेल. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराच्या मंदिराकडे येतात, तेव्हा मार्गावरील गच्च्या व बाल्कन्या माणसांनी भरून जातात. पुढचे लोक कठड्यावर रेलतात आणि मागचे त्यांच्यावर. कठडा रोजच्या वापरासाठी नव्हे, अशा दिवसासाठी बसवायचा असतो.

खांब कशात बसवावा

१) स्लॅबमध्ये : गच्चीच्या स्लॅबवर पाणी गळू नये म्हणून विटांचे तुकडे व सिमेंट घालून कोब्याचा थर दिलेला असतो. त्याची जाडी बोल्टच्या लांबीएवढी किंवा त्याहून जास्तही असते. म्हणून खांबाच्या जागी कोबा चौकोनी कापून काढावा व तळपट्टी उघड्या स्लॅबवर बसवावी. नंतर तो खड्डा जलरोधक मसाल्याने नीट भरून घ्यावा. शक्य असल्यास खांब स्लॅबच्या किंवा बीमच्या बाहेरील उभ्या बाजूस बसवावा. त्यामुळे कोबा फोडावा लागत नाही आणि गळतीही टळते.

२) विटेच्या भिंतीवर : गच्चीला अर्ध्या विटेची बुटकी भिंत असते आणि तिच्यावर कठडा लावून उंची वाढविण्याची पद्धत आहे. अशा भिंतीत नुसते बोल्ट मारू नयेत. खांब भिंतीत घट्ट राहिला तरी भिंतच उलथू शकते. स्लॅबमधून किंवा बीममधून सळया घेऊन दर २ ते २.५ मीटरवर काँक्रीटचे छोटे खांब उभारावेत, त्यांना वरून काँक्रीटच्या पट्ट्याने बांधावे आणि मग त्यावर कठडा बसवावा.

३) धाब्याच्या घरावर : जुन्या शहरात व खेड्यांतून अजूनही पांढऱ्या मातीची धाब्याची घरे आहेत. पांढरीत बोल्ट धरत नाही व खांब गाडला तरी पावसाळ्यात सैल होतो. अशा धाब्याच्या कडेला कठडा लावून सुरक्षिततेचा आभास निर्माण करू नये. स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेऊन जमिनीपासून स्वतंत्र खांब उभारावेत. ते जमत नसेल तर वाळवण कडेपासून किमान एक मीटर आत करावे, मुलांना वर पाठवू नये आणि जिन्याच्या तोंडाशी फाटक लावावे.

४) बाहेरच्या पायऱ्यांना : काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, हे आपणांस सांगावयास नको. घराचा पाया खोल असतो, पण बाहेरच्या पायऱ्या पुष्कळदा वरच्या थरावरच बांधलेल्या असतात. त्यामुळे त्या घरापासून वेगळ्या हलतात. कठड्याचे एक टोक घराच्या भिंतीत आणि दुसरे पायऱ्यांत पक्के केले, तर दोन-तीन वर्षांत एक टोक उखडते. पायऱ्यांचा कठडा पायऱ्यांच्या काँक्रीटवरच उभा करावा. काळ्या मातीत खांब गाडू नये.

सामानाची निवड

गच्चीच्या उभ्या खांबासाठी ५० × ५० मि.मी. चौकोनी व ३ मि.मी. जाडीचा पाइप घ्यावा. दुकानात त्याच आकाराचा पातळ पाइप स्वस्तात मिळतो आणि रंग दिल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. फरक वजनाने कळतो. ३ मि.मी. जाडीच्या अशा पाइपचे वजन मीटरला सुमारे ४.४ किलो भरते, तर १.२ मि.मी. जाडीच्या पाइपचे सुमारे १.८ किलो. म्हणून फुटाच्या भावाने काम देताना पाइपची जाडी लिहून घ्यावी व एक तुकडा वजन करून पाहावा.

वरची दांडी ४० ते ५० मि.मी. व्यासाची गोल असावी, म्हणजे हाताची मूठ नीट बसते. म्हाताऱ्या माणसांना जिन्यात तोच खरा आधार असतो. मधले गज १२ मि.मी. चे असावेत (मीटरला सुमारे ०.८९ किलो). दोन गजांमधील मोकळी जागा १० सें.मी. पेक्षा जास्त नसावी. लहान मुलाचे अंग त्यातून निघून जाते आणि डोके अडकते. गज उभेच लावावेत. आडव्या पट्ट्या दिसावयास चांगल्या, पण मुलांना ती शिडीच होते.

तळपट्टी १२.५ × १२.५ सें.मी. व १० मि.मी. जाडीची घ्यावी. तिला चार भोके कडेपासून अडीच सें.मी. आत पाडावीत आणि १२ मि.मी. चे चार अँकर बोल्ट वापरावेत. बोल्ट स्लॅबच्या काँक्रीटमध्ये ७ ते ८ सें.मी. खोल गेला पाहिजे व स्लॅबच्या कडेपासून किमान १० सें.मी. आत असला पाहिजे. कडेला बोल्ट आवळला की काँक्रीटचा टवका उडतो. स्लॅब पातळ किंवा जुना असेल तर बोल्ट आरपार काढून खालून लोखंडी पट्टी व नट लावावा.

गच्चीच्या कठड्याची उंची तयार जमिनीपासून किमान १ मीटर असावी. जिन्यात ९० ते १०० सें.मी. ठेवावी. ही उंची मोजताना कडेला काय ठेवले जाते हेही पाहावे. बाज दीड फूट उंच असते. ती कठड्याला लागून टाकली तर तिच्यावर उभ्या असलेल्या मुलासाठी कठडा केवळ पावणेदोन फुटांचा उरतो.

बसविण्याचा क्रम

१) काम सुरू करण्यापूर्वी कडेपासून एक मीटर आत दोरी बांधावी आणि काम पूर्ण होईपर्यंत मुलांना वर येऊ देऊ नये. कडेला काम करणाऱ्या कारागिराच्या कमरेला पट्टा व दोर बांधावा.

२) कोपऱ्यांचे व टोकांचे खांब आधी आखावेत. त्यांच्यामध्ये लाइनदोरी ताणून मधले खांब १ ते १.२ मीटर अंतरावर आखावेत.

३) खांबाला तळपट्टी चारही बाजूंनी पूर्ण वेल्ड करावी. चार कोपऱ्यांना चार टाके घालून भागवू नये. वेल्डिंगवरील खपली ठोकून काढल्यावर भेग किंवा छिद्र दिसल्यास ते पुन्हा भरून घ्यावे.

४) तळपट्टीची खालची बाजू बसविण्यापूर्वीच रंगवावी. नंतर तेथे ब्रश जात नाही.

५) भोके ड्रिल मशीनने पाडावीत, छिन्नीने नव्हे. सळई लागल्यास ती कापू नये, भोक थोडे सरकवावे. भोकातील भुकटी फुंकून पूर्ण काढावी. भुकटी राहिली तर बोल्टची पकड बसत नाही.

६) खांब दोन्ही दिशांनी ओळंब्यात धरून बोल्ट आवळावेत. जिन्यात दांडी तिरपी असली तरी खांब ओळंब्यातच हवा.

७) त्यानंतर वरची दांडी व गजांच्या चौकटी जोडाव्यात. जिन्याची दांडी पहिल्या पायरीपासून सुरू व्हावी आणि वर शेवटच्या पायरीच्या एक फूट पुढे जावी. अंधारात उतरताना हात आधी दांडीला लागला पाहिजे. भिंतीलगतच्या दांडीत व भिंतीत ५ सें.मी. जागा ठेवावी.

८) खांब काँक्रीटमध्ये गाडून बसविला असल्यास किमान सात दिवस पाणी मारावे व तोपर्यंत त्यावर भार येऊ देऊ नये.

उन्हाचा ताण

लोखंड तापले की लांबते. हिवाळ्यातील पहाट आणि मे महिन्यातील दुपार यांत कठड्याच्या तापमानात ५० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाने १० मीटर लांब दांडी सुमारे ६ मि.मी. वाढते. तिला जागा नसेल तर ती कोपऱ्याच्या खांबाला बाहेर ढकलते. म्हणून लांब गच्चीवर दर ५-६ मीटरवर दांडी तोडून आत सरकणारा जोड द्यावा.

गंज आणि खारे पाणी

गंज खांबाला वरून लागत नाही, तो पायथ्याशी लागतो. तळपट्टीभोवती पाणी साचते, धूळ व भुसा बसतो आणि रंगाखालून लोखंड खाल्ले जाते. यासाठी तळपट्टीभोवती उताराचा गोळा करावा. पाइपांची उघडी तोंडे झाकण वेल्ड करून बंद करावीत.

रंगापूर्वी गंज, तेल व वेल्डिंगची काजळी तार ब्रशने व पॉलिश पेपरने साफ करावी. त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि वर ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वापरल्यास वेल्डिंगच्या जागी मुलामा जळतो. तेथे जस्तयुक्त प्रायमर लावावा. असे वेल्डिंग मोकळ्या हवेतच करावे, कारण जस्ताच्या धुराने ताप येतो.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात अकोला, अमरावती व बुलडाणा या जिल्ह्यांतील अनेक गावे येतात. तेथील वाचकांनी विशेष काळजी घ्यावी. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड काँक्रीटच्या आतील लोखंडही गंजवते. आय.एस. ४५६ (२०००) या मानकानुसार लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मि.ग्रॅ. पेक्षा जास्त नसावे. ओलितासाठी पाणी तपासून घेतो तसेच बांधकामाचे पाणीही प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. पाणी खारे निघाल्यास काँक्रीटसाठी गोड्या पाण्याचा टँकर आणावा. याच कारणाने रासायनिक खतांची पोती, विशेषतः म्युरेट ऑफ पोटॅश, आणि फवारणीचे पंप कठड्याला टेकवून ठेवू नयेत. त्या पोटॅशमध्ये क्लोराइडच असते. स्टेनलेस स्टीलचा कठडा घेणाऱ्यांनी ३०४ प्रतीचे स्टील मागावे. स्वस्त २०२ प्रत खाऱ्या पाण्याने डागाळते व गंजते.

विजेच्या तारा

जुन्या गल्ल्यांतून विजेच्या तारा घरांना घासून जातात. लोखंडी कठड्याला तुटलेली किंवा खरचटलेली तार लागली तर सबंध कठड्यात वीज उतरते. घरगुती दाबाची उघडी वाहिनी गच्चीपासून वर किमान २.५ मीटर व बाजूने किमान १.२ मीटर दूर असावी. अंतर कमी असल्यास आधी वीज कंपनीकडे अर्ज करून तार हलवून घ्यावी, मगच कठडा बसवावा. लांब पाइप गच्चीवर चढवितानाही वर तारा पाहाव्यात. कठड्याला दिव्यांच्या माळा किंवा वायर बांधू नये.

कठडा कशासाठी वापरू नये

१) पोती वर ओढण्याची कप्पी किंवा दोर कठड्याला बांधू नये. ओढताना बसणारे हिसके पोत्याच्या वजनापेक्षा जास्त असतात.

२) धान्याच्या पोत्यांची थप्पी कठड्याला टेकवून लावू नये.

३) वाळवणावरील ताडपत्री कठड्याला बांधू नये. वळवाच्या वाऱ्यात ती शिडासारखी फुगते व कठडा ओढते. तिच्या कडांवर वाळूची पोती ठेवावीत.

वर्षातून दोनदा तपासणी

एकदा उन्हाळ्यात गच्चीवर झोपावयास सुरुवात करण्यापूर्वी आणि एकदा श्रावणाच्या आधी कठडा तपासावा. तपासताना अंगाने रेलून पाहू नये. वरच्या दांडीला खांबाजवळ दोर बांधावा आणि गच्चीच्या आत उभे राहून दोन माणसांनी तो आतल्या बाजूस हळूहळू ओढावा. तिसऱ्याने आतच बसून तळपट्टीकडे पाहावे. तळपट्टी उचलली, बोल्ट हलला किंवा कोब्याला बारीक भेग गेली तर त्या खांबाची पकड गेली असे समजावे. दुरुस्ती होईपर्यंत त्या बाजूला दोरी बांधून जाणे-येणे बंद ठेवावे. पायथ्याशी रंग फुगलेला दिसल्यास तो खरवडून आतले लोखंड पाहावे. नुसता वरून रंगाचा हात मारू नये.

आपले पीक आपण शेंड्यावरून पारखत नाही. सुकलेले झाड दिसले तर उपटून मुळी पाहतो. कठड्याचेही तसेच आहे. कारागिराला पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात : बोल्ट कशात गेला, किती खोल गेला, पाइपची जाडी किती, तळपट्टी खालून रंगविली का. उत्तरे तोंडी ऐकू नयेत, काम चालू असताना डोळ्यांनी पाहावीत. मी नक्षी पाहिली आणि भोकात पाहिले नाही. मोठे बाबा आता काठी घेऊन चालतात. गच्चीचा कठडा आम्ही बीमच्या बाजूला नव्याने बसविला आहे. बोल्ट आवळले जात होते तेव्हा ते खाली खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येक खांबाला विचारत होते, "किती खोल गेला?"